घर लेकींचं, शाळा लेकांची

नमस्कार मंडळी.

पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ मुलखात कोतो गदांग नावाचं एक लहानसं गाव आहे. 1884 साली या गावात अडीच महिन्यांच्या अंतराने दोन मुलं जन्मली. 8 ऑक्टोबरला मुलगा, 20 डिसेंबरला मुलगी. दोन्ही घराण्यांचं आपसात नातं. दोघांचेही वडील डच सरकारच्या न्यायखात्यात नोकरीला. मुलाला वडिलांनी युरोपियन मुलांच्या शाळेत घातलं, पुढे बताव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला शिकायला पाठवलं. तो पुढे स्वतंत्र इंडोनेशियाचा परराष्ट्रमंत्री झाला. त्यांचं नाव हाजी आगुस सलीम. मुलगी कधी शाळेत गेलीच नाही. तिचं नाव रोहाना कुदुस. तिने गावातल्या बायकांची संस्था उभी केली, वर्तमानपत्राची संपादक झाली, आणि 2019 साली इंडोनेशियाने तिला 'राष्ट्रीय वीर' हा किताब दिला. तेव्हा तिला जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

आता लक्षात घ्या, ज्या मिनांगकाबाऊ समाजात ही दोघं जन्मली तिथे घर, शेत आणि कुळाचं नाव आईकडून लेकीकडे जातं. म्हणजे रिवाजाप्रमाणे घरावर हक्क रोहानाचा, सलीमचा नव्हे. आणि शाळा मात्र सलीमच्या वाट्याला आली. मिनांगकाबाऊ लोकांबद्दल आपल्याकडे अधूनमधून काही छापून येतं, तेव्हा 'बायकांचं राज्य' असा मथळा ठरलेला असतो. मला त्या मथळ्याचा राग येतो. रोहानाला जे झगडून मिळवावं लागलं, ते तिला आयतंच मिळालं होतं असा समज तो मथळा करून देतो. घर हातात असणं आणि लेखणी हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोतो गदांगमध्ये हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. म्हणून आज सगळ्या मिनांगकाबाऊ समाजाविषयी न बोलता या एकाच गावाविषयी बोलणार आहे.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. किनाऱ्यावरच्या पाडांग शहरातून रस्ता घाट चढतो आणि साधारण नव्वद किलोमीटरवर बुकित्तिंग्गी येतं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर वसलेलं हे थंड हवेचं शहर. डचांनी पाद्री युद्धाच्या, म्हणजे इथल्या मुसलमान सुधारकांशी झालेल्या युद्धाच्या काळात इथे किल्ला बांधला, त्यामुळे त्यांच्या कागदपत्रांत शहराचं नाव फोर्ट द कॉक असं येतं. एका बाजूला मारापी हा जागता ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूला 2,877 मीटर उंचीचा, आता शांत असलेला सिंग्गालांग. शहराच्या कडेला जमीन एकदम तुटते. समोर न्गाराय सियानोक ही दरी. सुमात्राच्या पाठीतून वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा जो मोठा भूभ्रंश आहे, तो इथून जातो. दरीचे कडे शंभर मीटरच्या आसपास उंच, आणि ते दगडाचे नाहीत. मानिंजाऊ ज्वालामुखीच्या प्राचीन उद्रेकात पडलेली राख दाबली जाऊन तयार झालेले आहेत. त्यामुळे मोठा भूकंप झाला की कडा ढासळतो; 2007 च्या मार्चमधल्या भूकंपांतही ढासळला होता. तळाशी सियानोक नदी आणि भातखाचरं. पलीकडच्या काठावर, सिंग्गालांगच्या पायथ्याशी, कोतो गदांग. बुकित्तिंग्गीच्या कड्यावर उभं राहिलं की समोरची घरं दिसतात, पण पायी जायचं तर आधी सगळी दरी उतरायची आणि मग पायऱ्यांनी पुन्हा चढायची.

तिकडे गावाला नगारी म्हणतात. घरं जमली म्हणून नगारी होत नाही. रस्ता हवा, आंघोळीचा पाणवठा हवा, पंचायतीची जागा हवी, मशीद हवी, आणि निदान चार कुळं हवीत. कुळाला सुकू म्हणतात. प्रत्येक सुकूचे पुढारी असतात, त्यांना 'दातुक' हा किताब. ही नगारी म्हणजे जवळजवळ एक छोटं प्रजासत्ताक होतं आणि तिथले लोक स्वतःच्या नगारीबद्दल कमालीचे अभिमानी. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात 1979 च्या कायद्याने देशभर एकाच साच्याची ग्रामव्यवस्था लादली, तेव्हा पश्चिम सुमात्रातल्या नगाऱ्या मोडून त्यांचे तुकडे झाले. 2000 साली प्रांताने नवा नियम करून त्या परत आणल्या. वीस वर्षं कागदावर नसलेली गावं लोकांनी मनात जपली होती, म्हणूनच ती परत आणता आली.

आता मालमत्तेचा रिवाज. कुळाची वडिलोपार्जित मालमत्ता, म्हणजे भातशेती, घर, घरामागची बाग, हिला 'पुसाको तिंग्गी' म्हणतात. ती आईकडून मुलींकडे जाते, पण कोणा एकीची होत नाही. आपल्या डोळ्यांपुढे सातबारा आणा आणि त्यावर एका आजीच्या सगळ्या लेकी, नाती, पणत्या यांची नावं एकत्र आहेत, वाटणी करायची नाही, विकायचं नाही, असं समजा. गहाण टाकायची परवानगी रिवाज देतो, तीही चारच कारणांसाठी. घरात प्रेत पडलं आहे आणि मातीला पैसे नाहीत. वयात आलेली मुलगी आहे आणि लग्नाला पैसे नाहीत. कुळाचं मोठं घर गळतं आहे. किंवा कुळाच्या पुढाऱ्याची जागा रिकामी राहिली आहे आणि नवा दातुक बसवायच्या समारंभाला पैसे नाहीत. मृत्यू, लग्न, छप्पर आणि मान. मुलाच्या धंद्याला भांडवल हवं, हे कारण त्या यादीत नाही. माणसाने स्वतः कमावलेल्या मालमत्तेची गोष्ट वेगळी. ती इस्लामी वारसा कायद्याप्रमाणे मुलांना जाते. लोक कट्टर मुसलमान आहेत, आणि रिवाज व शरियत यांचा मेळ घालण्यात त्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या. याच आगम परगण्यातले शेख अहमद खतीब मक्केच्या मशिदीत इमाम झाले आणि तिथून त्यांनी भाच्यांना वारसा देण्याच्या रिवाजावर कडक टीका केली. त्यांच्यापुढे शिकून परत आलेल्यांनी गावोगाव वाद घातले. तरी पुसाको तिंग्गी टिकून राहिली.

मग पुरुषाचं स्थान काय? मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की त्याने रात्री सुराऊमध्ये झोपायला जायचं. सुराऊ म्हणजे नमाजाची आणि कुराण शिकायची जागा. आईच्या घरात खोल्या असतात त्या लग्न झालेल्या बहिणींच्या. वाढत्या मुलाला तिथे खोली नाही. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी जातो, पण पाहुणा म्हणून. जावयाला तिकडे 'खुंटावरची राख' म्हणतात: वारा आला की उडून गेली. त्याची खरी जबाबदारी बहिणीच्या मुलांवर. त्यांचा तो मामाक, म्हणजे मामा. भाच्यांचं शिक्षण, लग्न, शेतीचे वाद, सगळ्यांत शेवटचा शब्द मामाचा. कुळाच्या पंचायतीत बसणारे दातुकही पुरुषच. घरातली ज्येष्ठ बाई, जिला बुंदो कांदुआंग म्हणतात, तिच्या संमतीशिवाय जमिनीचं पान हलत नाही हे खरं. पण चारचौघांत बोलायला उभा राहतो तो तिचा भाऊ.

ज्या तरुणाला आईच्या घरात खोली नाही आणि बायकोच्या घरात पाहुण्याचं पान आहे, तो काय करील? तो बाहेर पडेल. या बाहेर पडण्याला 'मरांताऊ' म्हणतात आणि तो मिनांगकाबाऊ पुरुषाच्या आयुष्यातला जवळजवळ एक संस्कार आहे. जगभर 'पाडांग' नावाने चालणारी खानावळ याच बाहेर पडलेल्या पोरांनी नेली. कोतो गदांगला बाहेर पडण्याची आणखी निकड होती. दरी आणि डोंगर यांच्या चिमटीत सापडलेलं गाव, भातशेती तोकडी. बाप्यांचा पूर्वापार धंदा सोनारकाम. हत्यारं घ्यायची, गावोगाव फिरायचं, दागिने घडवून द्यायचे. चालत्या धंद्याची सवय असलेल्या माणसांना नव्या संधीचा वास लवकर लागतो.

ती संधी आली कॉफीच्या वाटेने. 1847 पासून डचांनी या डोंगरांत सक्तीची कॉफी लागवड सुरू केली. शेतकऱ्याने कॉफी लावायची आणि सरकारी गोदामात सरकारी भावाने घालायची. शेतकरी भरडला गेला यात शंका नाही. 1908 साली ही सक्ती उठवून रोख कर बसवला, तेव्हा जवळच्याच कामांगमध्ये लोक हत्यारं घेऊन उठले आणि पुष्कळ जण मारले गेले. पण गोदाम म्हटलं की वजन आलं, नोंदवही आली, कारकून आला. दरीपलीकडच्या फोर्ट द कॉकमध्ये 1856 साली डचांनी शिक्षक आणि कारकून घडवण्यासाठी शाळा काढली. स्थानिक लोक पुढे तिला 'राजाची शाळा' म्हणू लागले. बाकीचे गाववाले या काफरांच्या शाळेकडे संशयाने पाहत होते, तेव्हा कोतो गदांगच्या मामांनी आपले भाचे तिथे नेऊन बसवले. दोन पिढ्यांत हे गाव गोदाम-कारकून, शाळामास्तर, सरकारी वकील, लस टोचणारे आणि पुढे डॉक्टर यांचं गाव झालं. गावाने वर्गणी काढून स्वतःचा शिक्षणनिधी उभारला आणि हुशार मुलांना त्यातून बाहेर पाठवलं.

डचांची चाकरी केली म्हणून आसपासच्या गावांनी कोतो गदांगला नावं ठेवली, आजही ठेवतात. मला तो हिशोब इतका सोपा वाटत नाही. त्याच चाकरीतून वर आलेले याह्या दातुक कायो 1927 मध्ये डचांच्या वसाहती विधिमंडळात गेले. तिथे डच भाषेत बोलायचा प्रघात होता. हा माणूस उभा राहिला आणि मलय भाषेत बोलला, आणि पुढेही मलयमध्येच बोलत राहिला. स्वतः प्रशासनात उभी हयात काढलेला माणूस. चाकरीने त्याची जीभ बांधली नव्हती.

आता सलीमकडे वळू. पाळण्यातलं नाव मशहुदुल हक. वडील रियाऊच्या न्यायालयात सरकारी वकील, म्हणून युरोपियन शाळेत प्रवेश मिळाला. 1903 मध्ये बताव्हियाच्या हायस्कुलातून हा मुलगा पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. डॉक्टर व्हायचं होतं, हॉलंडला जायचं होतं, पैसे नव्हते. त्याच वेळी जावामध्ये कार्तिनी या तरुणीला शिक्षणासाठी सरकारी मदत मंजूर झाली होती आणि तिला ती घेता येत नव्हती. तिने पत्र लिहून विनंती केली की हे पैसे सुमात्राच्या त्या हुशार मुलाला द्या. ते घडलं नाही. सलीम जिद्दाच्या डच वकिलातीत नोकरीला गेले, 1906 ते 1911 तिथे राहिले, मक्केत त्याच अहमद खतीबांपाशी धर्म शिकले, आणि परत आल्यावर काही वर्षं कोतो गदांगमध्येच त्यांनी शाळा चालवली. त्यानंतर राजकारणात पडले. पुढे त्यांनी स्वतःची मुलं वसाहती शाळांत घातली नाहीत, घरीच शिकवली. ज्या शाळेने त्यांना घडवलं तिला त्यांनी आतून पाहिलं होतं. 1920 च्या दशकात तरुण मुसलमानांच्या एका अधिवेशनात बायकांची बैठक पडद्याआड केलेली होती. सलीमनी तो पडदा काढून टाकला. या माणसाच्या पुष्कळ गोष्टी सांगतात, मला ही सगळ्यांत मोलाची वाटते.

आणि आता रोहाना. तिचे वडील नोकरीनिमित्त बदलीवर फिरायचे आणि घरी वर्तमानपत्रं आणायचे. त्यांनी लेकीला अक्षरं शिकवली. आलाहान पांजांगला बदली झाली तिथे शेजारच्या सरकारी वकिलाच्या बायकोने या मुलीला जवळ बसवून पुढचं वाचायला शिकवलं. लहानपणीच तिला रोमन आणि अरबी दोन्ही लिप्या वाचता येऊ लागल्या. ती घराच्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचायची आणि आजूबाजूची मुलं ऐकायला जमायची. त्यांतल्या मुलींपैकी कोणाला अक्षर ओळखता येत नव्हतं. आई लवकर गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि रोहाना कोतो गदांगला आजीपाशी परत आली. तिथे शिवण-टिपण, भरतकाम, विणकाम शिकली. घरात मुलींना जमवून शिकवायला लागली. 1908 मध्ये अब्दुल कुदुस यांच्याशी लग्न झालं. शिकलेला, लिहिता माणूस. त्याने तिला अडवलं नाही, उलट साथ दिली.

11 फेब्रुवारी 1911 रोजी तिने गावातल्या बायकांना घेऊन 'कराजिनान आमाई सतिया' ही संस्था काढली. आमाई म्हणजे आई. काय शिकवायचे तिथे? दोन्ही लिप्यांत लिहिणं-वाचणं, हिशोब, घरखर्चाची वही ठेवणं, धर्म, शिवणकाम, भरतकाम, लेस. हिशोब हा शब्द मी मुद्दाम उच्चारते आहे. ज्या बाईच्या नावाने भातशेती आहे, पण किती भात आलं आणि कितीला विकलं हे भावाने सांगितलं तेवढंच तिला ठाऊक, तिची मालकी केवढी? रोहानाने नेमकं तिथे बोट ठेवलं. बायकांनी केलेला माल संस्था विकायची आणि पैसे त्या त्या बाईच्या वहीत जमा व्हायचे. गावातल्या काही ज्येष्ठांना हे रुचलं नाही. मुली वाचायला लागल्या की परपुरुषांना चिठ्ठ्या लिहितील, हा आक्षेप तिथेही आला. आणि लक्षात ठेवा, याच गावात पुरुष पाहिजे तिथे लग्न करू शकत, बाईला मात्र गावाबाहेरच्या पुरुषाशी लग्न करायला सक्त मनाई होती. घराच्या मालकिणीवरच सगळ्यांत कडक पहारा.

त्यानंतर वर्तमानपत्र. पाडांगमध्ये दातुक सुतान महाराजा हे 'उतुसान मलायू' नावाचं पत्र चालवत. रोहानाने त्यांना पत्र लिहिलं की तुमच्या पत्रात बायकांसाठी जागा द्या. ते गृहस्थ स्वतः कोतो गदांगला तिला भेटायला आले. बोलणं झालं आणि रकान्याऐवजी बायकांचं स्वतंत्र पत्रच काढायचं ठरलं. 10 जुलै 1912 ला 'सुंतिंग मलायू' निघालं. संपादक दोघी: रोहाना आणि महाराजांची कन्या झुबैदा रत्न जुविता. सुंतिंग म्हणजे मिनांगकाबाऊ नवरीच्या डोक्यावरचा मुकुटासारखा दागिना. लिहिणाऱ्याही बायकाच. मुलींचं शिक्षण, लहान वयातली लग्नं, एकावर एक बायका करण्याची चाल, बाळंतपण, पाककृती, कविता असं सगळं त्यात यायचं. हे पत्र 1921 पर्यंत चाललं. रोहाना डोंगरातून मजकूर पाठवायची, झुबैदा पाडांगला छापून घ्यायची.

पुढे संस्थेतच तिच्यावर पैशाच्या अफरातफरीचा आरोप आला आणि तिला बाजूला केलं गेलं. चौकशीत आरोप सिद्ध झाला नाही. तिला परत बोलावलं, तिने जागा घेतली नाही. ती दरी ओलांडून बुकित्तिंग्गीला गेली, तिथे स्वतःच्या नावाची शाळा काढली आणि सिंगर शिवणयंत्रांची एजन्सी घेतली. नंतर मेदानला गेली, तिथल्या बायकांच्या पत्रात काम केलं. 17 ऑगस्ट 1972 ला जकार्तात वारली, नेमकी देशाच्या स्वातंत्र्यदिनी.

आमाई सतियाची इमारत गावात अजून उभी आहे आणि तिथे आजही काम विकायला असतं. मी तिथे पाहिलेल्या दोन गोष्टी सांगते. एक चांदीचं तारकाम. चांदीची तार जंत्राच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत बारीक करायची. दोन तारा एकत्र पिळायच्या, मग चपट्या करायच्या, म्हणजे कडेला दातेरी चमक येते. जाड तारेची पानाफुलाची चौकट आधी करून ठेवलेली असते. तिच्यात ही पिळाची तार चिमट्याने वळवून, वेटोळी करून ठासून बसवायची. वरून टाकणखार आणि डागाचा, म्हणजे सांधायच्या धातूचा कीस, मग फुंकणीने ज्योत. डाग धरला पाहिजे पण तार वितळता कामा नये. एक क्षण चुकला की दिवसाचं काम गेलं. दुसरी गोष्ट भरतकाम. रेशमी ओढणीवर गाठीच्या टाक्यांची फुलं असतात. टाचणीच्या डोक्याएवढी एकेक गाठ, 'टाचणीचं डोकं' याच नावाने तो टाका ओळखला जातो. शेजारशेजारच्या गाठींचा रेशमी धागा किंचित फिका, किंचित गडद घेत पाकळीला छटा आणायची. ओढणी उलटी करून पाहिली तर मागची बाजूही तितकीच नीट. कोतो गदांगची नवरी डोक्यावर सोन्याच्या कलाबतूने भरलेलं मखमली वस्त्र घेते, इतर गावांसारखा उंच मुकुट घालत नाही. डच बायकांकडून आलेली उशीवरची लेसही या बायकांनी आपलीशी केली: गोल उशीवर टाचण्या टोचायच्या आणि लाकडी काड्यांना गुंडाळलेले धागे एकमेकांवरून टाकत विणत जायचं.

आता आपल्या देशाशी या गावाचा जो खरा संबंध आला तो सांगते. इंडोनेशियाचे पहिले पंतप्रधान सुतान शहरीर हे रोहानाचे सावत्र भाऊ, तिच्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान. वडील एक, आया वेगळ्या. शहरीरांची आई नाताल या किनाऱ्यावरच्या गावची, म्हणजे रिवाजाप्रमाणे शहरीर कोतो गदांगच्या कुठल्याच सुकूचे नाहीत. गाव मात्र त्यांना आपलंच म्हणतं. 1945 च्या नोव्हेंबरात वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते पंतप्रधान झाले. त्याच सुमाराला सुराबायामध्ये ब्रिटिशांनी जी हिंदी फौज उतरवली होती, तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी आपली माणसं तिथे लढली आणि मेली, हे आपण फारसं आठवत नाही. शहरीरांनी मात्र हिंदुस्थानशी वैर धरलं नाही. 1946 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे अन्नटंचाई होती, तेव्हा त्यांनी पाच लाख टन तांदूळ देऊ केला आणि बदल्यात कापड व इतर माल मागितला. स्वतःच्या देशाला डचांची नाकेबंदी असताना.

1947 च्या मार्चअखेर दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरली. इंडोनेशियाच्या शिष्टमंडळात सलीम होते, शेवटच्या टप्प्यात शहरीरही आले. सलीम तिथून कैरोला गेले आणि 10 जूनला त्यांनी इजिप्तशी मैत्रीचा करार केला. जुलैत डचांनी हल्ला चढवला तेव्हा नेहरूंच्या सांगण्यावरून बिजू पटनाईकांनी डाकोटा विमान जावाला नेलं आणि शहरीरांना दिल्लीला आणलं. 14 ऑगस्ट 1947 ला शहरीर सुरक्षा परिषदेपुढे उभे राहिले आणि आपल्या देशाची बाजू मांडली, सलीमही त्या मोहिमेत त्यांच्यासोबत होते. आपल्याकडे मध्यरात्रीच्या स्वातंत्र्याची तयारी चालली होती, तेव्हा तिकडे न्यूयॉर्कजवळ या एका डोंगरी गावाची दोन माणसं आपल्या देशासाठी भांडत होती.

आज कोतो गदांगमध्ये फिरलात तर रस्ते स्वच्छ, घरं नीटनेटकी, आणि पुष्कळ घरांना कुलूप. शिंगांसारख्या निमुळत्या छपरांची जुनी मोठी घरं इथे फार नाहीत. साहेबी नोकऱ्यांतल्या लोकांनी लाकडी आणि विटांचे बंगले बांधले. 1958 मध्ये पाडांग-बुकित्तिंग्गीकडच्या सेनाधिकाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी जकार्ताविरुद्ध बंड केलं, ते केंद्राने चिरडलं, आणि त्यानंतर घरंच्या घरं जावाकडे निघून गेली. पूर्वी भाचा बाहेर जायचा आणि बहीण घरी राहायची, म्हणून घर जागतं राहायचं. रोहानाने ज्यांना वाचायला शिकवलं त्यांच्या नाती-पणत्या आता डॉक्टर, प्राध्यापक, वकील होऊन जकार्तात आहेत. रिवाजाप्रमाणे घरं त्यांची. विकता येत नाहीत, आणि राहायला कोणी नाही. किल्ली एखाद्या म्हाताऱ्या मावशीकडे. ईदला सगळे येतात, आठवडाभर घर उघडतं.

काही जण यावरून म्हणतात की मुलींना शिकवल्यामुळे गाव ओस पडलं. मला हे म्हणणं मुळीच मान्य नाही. शंभर वर्षं मुलगे बाहेर जात होते तेव्हा कोणी गाव ओस पडलं म्हटलं नव्हतं, कारण मागे राहून सगळं सांभाळणाऱ्या बायका होत्या आणि त्यांना जायची मुभा नव्हती. आता घरं सांभाळायची असतील तर ती जबाबदारी भावांनीही उचलावी. काही कुळांनी त्याचा विचार सुरू केला आहे: घर कुळाचंच ठेवून त्यात पाहुण्यांची सोय करायची, भातशेती गावातल्याच कोणाला अर्ध्या वाट्याने लावायची.

डोंगराचा धाकही आहेच. 2023 च्या 3 डिसेंबरला मारापीचा उद्रेक झाला आणि शिखरावर गेलेले चोवीस जण दगावले. 2024 च्या मे महिन्यात उतारावर साचलेली राख पावसाने वाहून खाली आली, आगम, तानाह दातार आणि आसपासच्या जिल्ह्यांत साठहून अधिक माणसं गेली, पाडांगकडचा घाटरस्ता तुटला. त्या रात्री नगारीनगारीतून तांदूळ, ब्लँकेटं, पैसे निघाले, आणि जकार्तातल्या गाववाल्यांच्या मंडळांनी दुसऱ्याच दिवशी खाती उघडली. गावच्या हुशार मुलांना शिकायला पाठवणारा वर्गणीचा रिवाज अजून चालू आहे.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असाल तर बुकित्तिंग्गीत एक रात्र राहून सकाळी दरी पायी ओलांडा. पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघे दुखत असतील तर गाडीरस्ता आहे. आमाई सतियामध्ये जा. ओढणी घेतलीत तर घासाघीस करू नका आणि ती कोणी भरली ते नाव विचारा. काउंटरवरच्या बाईला ते माहीत असतं.